वर्षाचा अल्बम आई ठरवते

आधीच सांगून ठेवते, मला रॉक आवडत नाही. गिटार ही वाजवायची वस्तू आहे, गळा आवळायची नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी आमच्या लॅबमध्ये रोज कुणी न विचारता देते. मला आवडतं पॉप, तेही शहाण्यासारखं. गाणाऱ्याचे शब्द कळले पाहिजेत, चाल चटकन तोंडात बसली पाहिजे आणि गाणं संपलं की मुकाट्याने संपलं पाहिजे. पण माझ्या मताला आमच्याकडे काडीची किंमत नाही, कारण आमच्याकडे वर्षाचा अल्बम आई ठरवते.

आम्ही कवळ्या बनवतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि आमच्या बहिणीची मुलगी. भाचीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही. रस्त्यापलीकडच्या दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे साचे येतात. भाऊ त्यांत प्लास्टर ओततो, मी मेणात दात लावते, भाऊ ते मेण काढून कवळी पक्की करतो आणि भिंगरी घासूनपुसून तिला चकाकी आणते. दिवसभर मोटर घरघरत असते आणि प्लास्टरचा धुरळा उडत असतो. गप्पा मारायला तोंड उघडलं की तो थेट घशात जातो, म्हणून आम्ही गाणी लावतो.

तर वर्ष संपत आलं की तिघांनी आपापला त्या वर्षातला लाडका अल्बम आणायचा. नवाच हवा, जुनं उगाळत बसायचं नाही. प्रत्येकाला एक दिवस मिळतो. त्या दिवशी लॅब उघडल्यापासून बंद होईपर्यंत तोच अल्बम, मधलं एकही गाणं न गाळता, संपला की पुन्हा पहिल्यापासून. भिंगरीच्या हट्टामुळे आम्ही रेकॉर्ड प्लेअरवर लावायच्या मोठ्या तबकड्याच आणतो, आणि त्यांचं कव्हर माझ्या टेबलावरच्या दिव्याला टेकवून ठेवतो, म्हणजे सगळ्यांना दिसतं. दिवसातलं शेवटचं गाणं संपेपर्यंत कुणी अल्बमला नावं ठेवायची नाहीत, असाही एक नियम आहे. तो खास माझ्यासाठी केलाय हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

मतदान एकदा करून पाहिलं होतं. प्रत्येकाने स्वतःलाच मत दिलं आणि भाऊ दोन दिवस फुगून बसला. तेव्हापासून निकाल आई लावते, तोही नकळत. आई लॅबच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून तयार कवळ्या डब्यांत भरते. ती गाणी ऐकतेय असं तिच्याकडे बघून मुळीच वाटत नाही. पण वरच्या मजल्यावर आमचं घर आहे, आणि तिथल्या गॅलरीत सकाळी कुंड्यांना पाणी घालताना ती शीळ घालते. अगदी खणखणीत, समोरच्या बेकरीवाल्याने मान वर करून बघावी अशी. ज्याच्या अल्बममधली चाल त्या शिळेत आली, तो जिंकला. तिला विचारायचं नाही, सुचवायचं नाही.

जिंकणाऱ्याच्या अल्बमने पुढचं वर्षभर लॅब उघडते. गेल्या खेपेला भाऊ जिंकला. त्याच्या अल्बमचं पहिलं गाणं म्हणजे कपडे धुवायच्या मशीनमध्ये कुणीतरी चमचे टाकून ती सुरू केली आहे. वर्षभर रोज सकाळी मी ते चमचे सोसले. यंदा मी एका मखमली गळ्याच्या गायकाचा अल्बम हेरून ठेवला होता. गाणी अशी की ऐकताना आपोआप खांदे सैल पडावेत. यंदा आपलंच घोडं पुढे, अशी माझी खात्री होती.

आणि यंदाच आईची शीळ बंद झाली.

तिचे वरचे दात बरेच दिवस डुगडुगत होते. डॉक्टरांनी ते सगळे काढले, हिरड्या भरून यायला वेळ दिला, आणि मग कवळीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी नाही म्हणत, डॉक्टर म्हणतात. शिवाय या कवळीची मी कित्येक वर्षं वाट बघत होते. आईच्या पुढच्या दोन दातांमध्ये चांगली ठसठशीत फट होती. जन्मभर तिने त्या फटीचा राग राग केला. फोटो काढायचा म्हटलं की ओठ मिटून घ्यायची, हसू आलं की आधी हात तोंडावर जायचा. लग्नाच्या फोटोत तर ती इतकी गंभीर दिसते की बाबांनी तिला फसवून आणलं असावं असं वाटतं. मी हे काम शिकायला लागले तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, वेळ येईल तेव्हा आईला अशी एकसारखी दंतपंक्ती करून देईन की बघणाऱ्याचे डोळे दिपतील.

दिली. काय सुंदर झाली होती म्हणून सांगू. आईने तोंडात घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, टोचतेय. मी घासून दिली. तरी टोचतेय. मग मी नवा साचा घ्यायला लावून दुसरी केली, पहिलीपेक्षाही देखणी. तीही टोचतेय. कुठे टोचतेय विचारलं तर बोट कधी उजवीकडे, कधी डावीकडे. दोन्ही कवळ्या पाण्याच्या वाटीत पडून राहिल्या आणि आई सूप पिऊन राहू लागली.

लॅबमध्ये येणं तिने बंद केलं. शेजारची तिची मैत्रीण दार वाजवून परत जायची. झाडांना पाणी घालणं चालू होतं, पण नुसताच पाण्याचा आवाज. मला ते सहन होत नव्हतं, सरळ सांगते. अख्ख्या गावाच्या आया माझ्या कवळ्या घालून सफरचंदं खातात, आणि माझी स्वतःची आई माझ्याशी बोलतानाही तोंडावर हात धरते. माझा जीव तीळ तीळ तुटत होता, आणि जीव तुटला की मी दुसऱ्यांवर ओरडते, त्यामुळे लॅबमध्ये सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते.

भाऊ म्हणाला, यंदा अल्बमचं राहू दे, ताई. मी म्हटलं, मुळीच नाही. तिसरी कवळी होईल, आईच्या तोंडात बसेल, आई खाली येईल, आपण तिला तिन्ही अल्बम पुन्हा ऐकवू आणि वर्ष संपायच्या आत ती शीळ घालेल. आणि तिसरीही बसली नाही तर मी यापुढे मेणाला हात लावणार नाही, असंही बोलून बसले. असली वाक्यं मी रागात टाकते, पण हे मी खरं करणार होते.

पहिला दिवस मी घेतला. मखमली गायक दिवसभर गायला आणि भिंगरी दिवसभर जांभया देत होती. दुसऱ्या दिवशी भावाचा अल्बम. यंदा मशीनमध्ये चमच्यांऐवजी बहुधा नाणी होती. तिसऱ्या दिवशी भिंगरीने आपली तबकडी आणली आणि कव्हर माझ्या दिव्याला टेकवलं, तशी मी दचकलेच.

कव्हरवर नुसता एक चेहरा होता, त्यातही निम्मं तोंड. चार पोरींचा कुठलासा रॉक बँड, आणि ही त्यातली गाणारी. आ वासून हसत होती. पुढच्या दोन दातांमध्ये आरामात पेन्सिल मावेल एवढी फट. मी म्हटलं, हिच्या गावात दातांचा डॉक्टर नाही का? भिंगरीने नियमाची आठवण करून दिली. मी म्हटलं, नियम गाण्यांना नावं ठेवायची नाहीत असा आहे, दातांना नव्हे. पण तेवढ्यात पहिलं गाणं सुरू झालं आणि माझं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही.

नेमकी आईची तिसरी कवळी त्याच दिवशी मेणात उभी करायची होती. मेणातली कवळी आधी पेशंटच्या तोंडात बसवून बघतात, सगळं ठीक वाटलं तरच ती पक्की करतात. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आईला बोलावलं होतं. मी मेण तापवलं आणि पुढचे दोन दात हातात घेतले. आधी ते दोन लावायचे असतात, बाकीची रांग त्यांच्या धोरणाने जाते. समोर ती बया हसतेय, कानात ढोल बडवले जातायत, आणि मी दातओठ खात दात लावतेय. एवढ्या गोंगाटात डोकं चालत नाही, नुसते हात चालतात. हातांना सवय आहे म्हणून मी त्यांना चालू दिलं.

तिसऱ्या गाण्याचं मात्र सांगितलं पाहिजे. ते बाकीच्यांसारखं अंगावर येत नव्हतं. सुरुवातीला ती मुलगी जवळजवळ एकटीच गाते, घरात कुणी नाही असं समजून भांडी घासताना गावं तसं, आणि मग मागून बाकीच्या तिघी येतात आणि चाल अशी एक गिरकी घेते की, असो. गाणं बरं होतं, यापलीकडे मी काही म्हणणार नाही. संध्याकाळी बोलायची परवानगी मिळाल्यावर मी अल्बमची यथेच्छ सालटी काढली. तोवर भिंगरीने मेणाची कवळी डब्यात घालून ठेवली होती. ती मी पुन्हा उघडून बघितली नाही. स्वतःचं काम मी कधीच पुन्हा बघत नाही, एवढा माझा माझ्यावर विश्वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी आजीला घेऊन दवाखान्यात गेली. मी पुढचं काम घेऊन बसले होते. भावाने विचारलं, ताई, काय गुणगुणतेयस? मी म्हटलं, माझ्या गायकाचं गाणं. तो नुसता हसला. तेवढ्यात फोन वाजला.

डॉक्टरांनी फार सौम्यपणे विचारलं, पुढच्या दोन दातांमधली फट मुद्दाम ठेवलीय का. मी विचारलं, कसली फट. ते म्हणाले, चांगली ठसठशीत आहे. मी त्यांना सांगितलं की इतक्या वर्षांत माझ्या हातून कधी फट सुटलेली नाही, दुसऱ्या कुणाची तरी कवळी आली असेल. आणि हे सांगत असतानाच माझी नजर दिव्याला टेकवलेल्या कव्हरवर गेली. ते काढायला आम्ही विसरलो होतो.

मी प्लास्टरने माखलेल्या एप्रनसकट रस्ता ओलांडला. एका बसने ब्रेक मारला, ड्रायव्हरने काहीतरी ऐकवलं, मीही दोन शब्द ऐकवले. मनात एकच चाललं होतं, तिसऱ्यांदा फसले, आता संपलं. आईला ज्या फटीने जन्मभर छळलं तीच मी पुन्हा तिच्या तोंडात नेऊन ठेवली, आणि तीही एका किंचाळणाऱ्या पोरीच्या नादाने.

आई खुर्चीत होती. हातात आरसा, आणि ती त्यात बघत होती. भिंगरी पहिल्यांदाच एका जागी उभी होती. मी धापा टाकत म्हटलं, आई, चुकलं माझं, काढ ते, संध्याकाळपर्यंत नीट करून देते. आणि कवळी काढायला हात पुढे केला. आईने माझा हात बाजूला सारला. लहानपणी गरम भांड्याकडे गेलेला हात सारायची, तसा.

"याला हात लावायचा नाही," आई म्हणाली.

मला वाटलं तिला दिसलं नसेल. मी तिला फट दाखवली. ती म्हणाली, मला डोळे आहेत. मग आरसा मांडीवर ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"आधीच्या दोन टोचत नव्हत्या गं. फार सुंदर होत्या. आरशात बघितलं की वाटायचं, ही कोण बाई आपल्या घरात शिरलीय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेने केल्या होत्यास. आणि फट मागायची तरी कोणत्या तोंडाने? जन्मभर तिच्याच नावाने रडले."

मला एकाच वेळी तिला मिठी मारावीशी वाटत होती आणि दोन सुंदर कवळ्यांचा हिशेब मागावासा वाटत होता. मिठी मारली. आईच्या साडीला प्लास्टर लागलं, त्यावरून ती लगेच बोलली, आणि बोलताना तिचा हात तोंडावर गेला नाही. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत राहिले. भले गृहस्थ आहेत.

लॅबमध्ये भाऊ आणि भिंगरी हसून हसून लोळायचे बाकी होते. म्हणे दिवसभर कव्हरकडे टक लावून बसली होतीस, अगदी बघून बघून उतरवलंस. मी म्हटलं, दिवा मंद होता. भाऊ म्हणाला, लॅबमधला सगळ्यात चांगला दिवा तोच आहे. मी त्याला प्लास्टर कालवायला लावलं.

कवळी पक्की झाली, भिंगरीने ती चकचकीत केली, आईने घातली. सफरचंदाच्या फोडी खाल्ल्या. मैत्रिणीकडे जाऊन बसली ती दुपार उलटली तरी परत येईना. सगळं झालं, पण शीळ काही येईना. सकाळी गॅलरीत ती ओठ पुढे काढायची आणि नुसती हवा निघायची, फुस्स. नव्या कवळीला जीभ सरावायला वेळ लागतो, हे मी लोकांना रोज सांगते. स्वतःला सांगणं अवघड असतं. आम्ही तिघं चहाचे कप घेऊन गॅलरीच्या दाराआड उभे राहायचो, सहज उभे असल्यासारखे. फुस्स ऐकायचो आणि कामाला जायचो. कुणाचा अल्बम जिंकतो याची फिकीर आता कुणालाच नव्हती. तिने काहीही वाजवावं, चमचे वाजवले तरी चालतील, एवढंच मी मनात म्हणत होते.

तरी खबरदारी म्हणून मी स्वयंपाकघरात माझा मखमली गायक हळू आवाजात लावून ठेवला. आईला अजून लॅबमध्ये आणायचं होतं, तिन्ही अल्बम रीतसर ऐकवायचे होते, पण थोडं आधी कानावर पडलं तर बिघडलं कुठे? भिंगरीने मला रंगेहाथ पकडलं आणि दिवसभर पंच मंडळींना लाच, पंच मंडळींना लाच, असा जप केला.

मग एका सकाळी फुस्स झालं, पुन्हा फुस्स झालं, आणि त्यातून एक बारीक सूर निघाला. मोडका, पाण्यात पडल्यासारखा. आई थांबली. आम्हीही श्वास धरून थांबलो. मग तो सूर पुन्हा आला, या वेळी सरळ, आणि त्याच्या मागून दुसरा, तिसरा. बेकरीवाल्याने मान वर केली. मला समोरचं धूसर दिसायला लागलं, म्हणून चाल कुठली आहे याकडे माझं लक्षच नव्हतं. चालीने गिरकी घेतली तेव्हा भिंगरीने कप खाली ठेवला.

"माझं तिसरं गाणं," ती हळूच म्हणाली.

खरंच तेच होतं. पहिल्यापासून गिरकीपर्यंत, एक सूर इकडचा तिकडे नाही. भाऊ गोंधळला. म्हणाला, आईने हा अल्बम ऐकला कधी? तबकडी लॅबमधून वर आलेलीच नाही आणि आई खाली गेलेली नाही. माझी ट्यूब पेटली. मी भिंगरीचा दंड धरला आणि म्हटलं, मला लाचखोर म्हणत होतीस आणि स्वतः चोरून ऐकवलंस. तिने शपथा घेतल्या. शेवटी मी नियम मोडला. सरळ गॅलरीत गेले आणि आईलाच विचारलं, ही चाल तू ऐकलीस कुठे.

आईने हातातली झारी सरळ केली. माझ्याकडे असं बघितलं की जणू मला ताप आलाय.

"कुठे म्हणजे? तूच तर घरभर म्हणत फिरतेस. भांडी घासताना, केस विंचरताना. मला वाटलं, तुझ्या त्या गायकाचंच असेल. छान आहे की."

मागे दाराआड दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर कोसळल्याचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मत नव्हतं. आई माझा चेहरा बघून हसायला लागली, पुरती फट दाखवून, हात झारीवर तसेच ठेवून, आणि हसता हसता तिच्या दातांतून आपसूक शिटी निघाली. मग मलाही आवरेना.

आता लॅब रोज त्या पोरींच्या अल्बमने उघडते. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून डबे भरते आणि तिसऱ्या गाण्याला शीळ घालते. मला रॉक आवडत नाही, हे मत मी अजूनही रोज देते. तिसरं गाणं आलं की आवाज वाढवते मीच, पण तो मोटरच्या घरघरीत आईला नीट ऐकू यावा म्हणून.